पुढं पीक हाय

शिट्टी वाजली आणि रागिणी भर रस्त्यात थांबली. विचार करून थांबली असं नाही. पाय आधी थांबले, बाकीची रागिणी नंतर. दोन्ही हात आपोआप अंगापासून लांब झाले, पंजे उघडले, आणि मागून येणारी रिक्षा तिच्या पोटरीला चाटून करकचून उभी राहिली. रिक्षावाल्यानं मुंडकं बाहेर काढलं. "ओ दीदी, घर पे बोल के आये क्या? बीच रस्ते में काहे को खड़े हो गये?" त्याच्या मागच्या मोटारसायकलींनी हॉर्नचा कालवा केला. रागिणी कडेला झाली. समोर हिंगोलीचं बसस्टँड होतं तसंच होतं, रसवंतीचे घुंगरू वाजत होते, कुणाचं काही अडलेलं नव्हतं. शिट्टी कुणाची तेही दिसलं. पलीकडच्या जांबाच्या गाड्यावरचा एक गडी जिभेखाली दोन बोटं घालून स्टँडच्या फाटकातल्या दोस्ताला बोलवत होता. दोस्त हसत आला, दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. त्या शिट्टीचा आणि रागिणीचा काडीचाही संबंध नव्हता. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते अजून पसरलेलेच होते. वीस वर्षांची घोडी, पुण्याच्या क्लबाकडून अख्खा हंगाम खेळून आलेली, आणि स्टँडसमोर मेंढरं अडवल्यासारखी उभी! तिनं हात जाकिटाच्या खिशांत कोंबले.

इतर कुठल्याही दिवशी हे झालं असतं तर ती स्वतःशीच हसली असती. आज हसू येईना. आज ऊन कललं की क्रीडा संकुलाच्या मैदानावर हिंगोलीच्या संघाकडून तिचा कोल्हापूरच्या मुलींशी सामना होता, आणि तो बघायला साधना मॅडम पुण्याहून येणार होत्या. मागच्या हंगामात पुण्याच्या क्लबात त्याच तिच्या प्रशिक्षक होत्या. हंगाम संपल्यावर क्लबानं रागिणीला ठेवलं नाही. आता मॅडम दुसऱ्या नव्या संघाकडे गेल्या होत्या आणि त्यांना पुढे खेळणारी एक पोरगी हवी होती. फोनवर त्यांनी आडवळण घेतलं नव्हतं. "रागिणी, मी एकदाच येणार. गोल किती मारतेस ते बघायला नाही. कीपर अंगावर आली की तू काय करतेस, तेवढंच मला बघायचंय." रागिणी हो मॅडम म्हणाली होती. आणि आता औंढ्याच्या बसनं आबा येणार होते. आबांना उतरवून घ्यायचं, काहीतरी खाऊ घालायचं, आणि मैदानावर जायच्या आधी त्यांना एक वाक्य सांगायचं, एवढंच काम होतं. ते वाक्य ती कित्येक दिवस मनात रचत होती. कसंही रचलं तरी ते आबांना लागणारच होतं. इकडून बोललं तर इकडून, तिकडून बोललं तर तिकडून.

आबा म्हणजे तिचा बाप जळबा, मेंढरं राखणारा माणूस. सुगी झाली की कळप घेऊन निघायचं, कुणाच्या रिकाम्या शेतात मेंढरं बसवायची, खत त्याला, चारा आपल्याला, आणि मग पुढचं शेत. औंढ्याकडून कळमनुरीकडे, तिथून वर कनेरगाव नाक्याकडे. रागिणीचं लहानपण असं चालण्यातच गेलं. कळप चालतो तेव्हा एक माणूस मागं लागतो आणि एक पुढं. मागं आबा, पुढं रागिणी. मागच्याला सगळं दिसतं. रस्ता, मोटार, कुत्रं, कुणाचं उभं रान. पुढच्याला फक्त मोकळं दिसतं. म्हणून मागच्यानं शिट्टी मारायची आणि पुढच्यानं ऐकायचं. आबांच्या शिट्ट्या तीन-चार प्रकारच्या होत्या, पण रागिणीसाठी खरी एकच. लांब सुरू होणारी आणि शेवटी खाली उतरत जाणारी. तिचा अर्थ, पुढं पीक हाय. ती आली की असेल तिथं थांबायचं, मागं वळायचं, दोन्ही हात पसरून कळपाला अडवायचं. का, कसं, विचारायचं नाही. एकदा ती थांबली नव्हती. सात-आठ वर्षांची असेल, फुलपाखराच्या मागं होती की काय कुणास ठाऊक. आणि मेंढरं उभ्या हरभऱ्यात शिरली. शेताचा धनी काठी घेऊन आला. त्यानं मेंढरांना मारलं नाही आणि आबांनाही मारलं नाही. तो नुसता बोलला. आबा पटका काढून हातात धरून उभे होते आणि व्हय मालक, चुकलं मालक, म्हणत होते. पटक्याविना आबांचं डोकं तिनं तेव्हा पहिल्यांदा उन्हात पाहिलं. ते तिला एक शब्दही बोलले नाहीत, तेच वाईट झालं. त्यानंतर ती कधी चुकली नाही. कनेरगाव नाक्यावर तर त्या शिट्टीनं तिला जगवलंच होतं. ढाब्याच्या आडून मालट्रक आला होता, शिट्टी आली, ती थांबली, आणि ट्रकचा वारा तिच्या तोंडावरून गेला. आबा धावत आले आणि तिला धरून खाली रस्त्यावरच बसले. मेंढरं इकडंतिकडं पांगली तरी त्यांनी पाहिलं नाही.

फुटबॉल पुढे आला तेव्हा तिला शिकण्यासारखं त्यात फार काही वाटलंच नाही. कळमनुरीच्या शाळेत रतनसिंग सर होते, खेळाचे मास्तर. त्यांनी पोरींना चेंडू दिला आणि म्हणाले, पळा. बाकीच्या पोरी चेंडूभोवती गोळा झाल्या. ही पुढं मोकळ्यात जाऊन उभी राहिली. सरांनी विचारलं, तिकडं काहून उभी? ही म्हणाली, मी पुढंच असते. सर हसले आणि त्या दिवसापासून ती फॉरवर्ड झाली. घरात मात्र आग लागली. नामाजी काका, आबांचे धाकटे भाऊ, भाकर टाकून उठले. पोरगी चड्डी घालून गावोगाव पळंल आणि आपण बघत बसायचं का! आबा शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, "मेंढरांम्होरं पळती तवा काय लुगडं नेसून पळती का ती? पळू दे." नामाजी काका वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. भावकीच्या लग्नांत आबांना टोमणे बसले. आबांनी कळपाच्या पुढं एक मजूर पोरगा ठेवला, जो शिट्टी ऐकायचाच नाही, आणि रागिणीला तालुका, जिल्हा, विभाग असं जाऊ दिलं. शेवटी पुणं. हे सगळं आबांनी केलं होतं. हे ती विसरली असती तर किती बरं झालं असतं. ज्यानं दार उघडून दिलं त्यालाच, तुम्ही दारात उभं राहू नका, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

पुण्यात सुरुवातीला सगळं जमलं. होस्टेलच्या गादीवर झोप येईना म्हणून ती फरशीवर झोपायची, पोळ्या तिला कागदासारख्या लागायच्या, आणि जेवताना मुली ज्या वेगानं बोलायच्या त्यातलं अर्धं कळायचं नाही. पण मैदानावर तिला कुणी धरू शकत नव्हतं. बचावफळीच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, मागून चेंडू सुटला की निघायचं. तिचे गोल झाले, पेपरात फोटो आला, मॅडम तिच्या डोक्यावर टपली मारायच्या. मग तो मोठा सामना आला. रतनसिंग सर आबांना घेऊन पुण्याला आले. आबा धोतर, लाल पटका आणि खांद्यावर घोंगडं अशा थाटात खुर्चीत बसले होते, आजूबाजूला चष्म्यातली माणसं. बरोबरी चालू होती, शेवट जवळ आला होता. मागून चेंडू आला, रागिणी निघाली, मागं कुणी राहिलं नाही, समोर फक्त कीपर. थोराड पोरगी, पिवळे हातमोजे, ती गोल सोडून अंगावर सुटली. आणि शिट्टी आली. लांब, शेवटी खाली उतरणारी. रागिणी थांबली. दोन्ही हात पसरून थांबली. चेंडू तिच्या पायापासून सुटून हळूहळू घरंगळत गेला आणि त्या पिवळ्या हातांत जाऊन पडला. पंचांनी शिट्टी वाजवलेलीच नव्हती. पुढच्याच चढाईत समोरच्यांनी गोल केला.

त्या रात्री कुणीतरी तिचा तो हात पसरलेला फोटो संघाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खाली लिहिलं, विमान उतरलं. मॅडमनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ऑफसाइडची शिट्टी वाटली. मॅडमना ते पटलं नाही. मग एक बाई आल्या, मनाचे व्यायाम घेणाऱ्या. डोळे मीट, तुला कशाची भीती वाटते ते सांग. काय सांगायचं? की मी धनगराची पोर, माझ्या बापानं शिट्टी मारली की मी थांबते? तिनं डोळे मिटून सांगितलं, काही नाही. पुढच्या सामन्यांत चेंडू आला की तिचे कान आधी मागं जायचे. ती निघायची, पण अर्धवट. अर्ध्यानं गोलाकडे आणि अर्ध्यानं खुर्च्यांकडे. आबा तिथं नसायचे तरी. क्लबानं तिला काढलं ते त्यामुळं, यात लपवण्यासारखं काही नाही. त्या सामन्याचा व्हिडिओ तिच्या मोबाइलमध्ये होता. कानात हेडफोन घालून तिनं तो किती वेळा ऐकला असेल! ढोल, आरडाओरडा, कुणीतरी पुन्हा पुन्हा कमॉन कमॉन ओरडणारं. कधी शिट्टी ऐकू यायची, कधी नाही. ऐकू आली नाही की ती लगेच मोबाइल बंद करायची.

आबा त्या सामन्यानंतर बाहेर भेटले होते. शेंगांची पिशवी हातात देऊन म्हणाले, दमली असशील. तिनं त्यांच्या बोटांकडे पाहिलं होतं. सामान घेऊन ती परत आली तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. पण महिन्याभरानं रतनसिंग सरांनी तिला बाजूला घेतलं. "रागिणी, तेरा बाप पागल है क्या? मला विचारून राहिला, माझ्या पटक्यामुळं तर न्हाई ना काढलं पोरीला? माझं घोंगडं बघून मॅडमला शरम वाटली आसन." म्हणजे आबांनी आपलं कारण आपणच शोधून काढलं होतं आणि ते उराशी धरून बसले होते. आता आज, येऊ नका म्हणावं तर त्यांना वाटणार, पोरीला आपली लाज वाटते. खरं सांगावं तर त्यांना कळणार, ज्या पोरीसाठी भावकीशी वैर घेतलं तिचं वाटोळं आपल्याच तोंडानं झालं. आणि काहीच सांगू नये तर ते पायऱ्यांवर बसणार, कीपर अंगावर येणार, त्यांची बोटं तोंडाकडे जाणार. तिला तिन्हीकडून कोंडलं होतं आणि कोंडणाऱ्यात एकही माणूस वाईट नव्हता. एखादा वाईट असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

औंढ्याची बस आली. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, एक बाई कोंबड्या घेऊन उतरली. आबा नव्हते. क्षणभर रागिणीला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. मग कुणीतरी तिच्या दंडाला हात लावला. पँट घातलेला, शर्ट आत खोचलेला, उघड्या डोक्याचा एक म्हातारा. कपाळाचा खालचा भाग रापून काळा, वरचा, जिथं जन्मभर पटका बसला तो, लहान लेकराच्या अंगासारखा कोवळा. पायांत काळे बूट.

"वळकलं न्हाईस व्हय?" आबा म्हणाले.

"आबा, पटका कुठाय?"

"घरी ठिवला. काहून, वाईट दिसून राहिलो का?"

"न्हाई."

"नाम्याच्या पोराची पँट हाय. बुटं बी त्याचीच, जरा मोठी हायत, पण आपल्याला बसून तर राहायचंय. सर म्हणले, मॅडम येणार हायत. म्हणलं, आपल्यापायी लेकराला पुन्यांदा तकलीफ नको."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. कमरेला पट्टा नव्हता म्हणून ते एका हातानं पँट वर ओढत होते. ज्या माणसानं मालकापुढं पटका काढून हातात धरला तो तिच्यामुळंच, आणि आज पुन्हा तिच्यामुळंच डोकं उघडं घेऊन आला होता. तिनं रचलेली सगळी वाक्यं एकदम निकामी झाली. ती त्यांना रसवंतीत घेऊन गेली, बाकावर बसवलं, दोन ग्लास सांगितले. आबांनी रस एका घोटात अर्धा केला आणि मिशी पुसली.

"आबा, मला पटक्यामुळं न्हाई काढलं."

"आसू दे ना बाई."

"आसू दे न्हाई. ऐका. मी थांबले म्हणून काढलं. गोलीसमोर थांबले मी. तुमची शिट्टी ऐकली अन् थांबले."

आबांनी ग्लास खाली ठेवला. "कोणती शिट्टी?"

"पुढं पीक हाय, ती."

बैल नव्हता, मोटारीवर चालणारा चरक होता, पण घुंगरू तेवढे जुन्या पद्धतीचे लावलेले. ते वाजत राहिले. आबा तिच्याकडे बघत होते, कळपातलं एखादं मेंढरू लंगडायला लागलं की कुठल्या पायानं लंगडतंय ते बघतात, तसे.

"रागे, म्या न्हाई वाजवली."

"आबा, मी रागावले न्हाई. पण खोटं नका बोलू."

"तुझ्या गळ्याची आन. बोटं तोंडापाशी नेली व्हती, खोटं काहून बोलू? ती पोरगी रेड्यावानी तुझ्या अंगावर येऊन राहिली व्हती. माझा जीव उडला. बोटं नेली अन् बाजूला पाह्यलं. सारी शिकलेली माणसं. म्हणलं, हितं शिट्टी मारली तर लेकराची इज्जत जाईन. हात खाली घेतला. सरांला इचार, ते बाजूलाच व्हते."

आबांनी हात तोंडाशी नेऊन, बोटं ओठांना न लावता, पुन्हा मांडीवर आणून ठेवला. असं केलं, एवढंच दाखवायला. मग त्यांना कोडं पडलं.

"मंग तू थांबली काहून?"

हा प्रश्न मॅडमनी विचारला होता, त्या डोळे मिटवणाऱ्या बाईंनी विचारला होता, आणि तिच्याकडे तेव्हा एक उत्तर होतं जे ती सांगत नव्हती. ते लपवण्यात सुद्धा एक आधार होता. आज प्रश्न आबांच्या तोंडून आला आणि उत्तरच उरलं नाही. वर्षभर तिनं आबांची शिट्टी वागवली, मनातल्या मनात त्यांच्यावर चिडली, त्यांना माफ केलं, पुन्हा चिडली. आणि शिट्टी वाजलीच नव्हती. मग मघाशी रस्त्यात थांबली ती कुणाच्या शिट्टीनं? होस्टेलच्या जेवणघरात मुलींच्या टेबलापाशी ताट घेऊन थांबायची ती? पेपरचा बातमीदार, तुला काय वाटतं, असं विचारायचा आणि तिची जीभ थांबायची ती? तिला एकाएकी दिसलं की ती नेहमीच थांबत आली आहे, आणि ठरावीक जागीच. पुढं मोकळं रान असेल तोवर तिच्याइतकं कुणी पळणार नाही. पण पुढं काही भरलेलं दिसलं, उभं दिसलं, घ्यावंसं दिसलं, की ते दुसऱ्याचं. तिथं शिरलं की कुणीतरी काठी घेऊन येणार आणि कुणालातरी उन्हात डोकं उघडं करून उभं राहावं लागणार. गोल तरी काय होता, दुसऱ्याचं शेतच. जाळी लावलेलं. आबांची शिट्टी आबांपाशी नव्हती, ती तिच्यात होती, आणि बाहेरच्या माणसाला नको म्हणता येतं, आतल्याला कसं म्हणणार? वाजवणारा दिसला तर त्याच्यापासून लांब जाता येतं. इथं तर ती जिथं जाईल तिथं शिट्टी तिच्या आधी पोचलेली असणार. तिचा ग्लास तसाच भरलेला होता. तिला वाटलं, मॅडमना फोन करावा, येऊ नका म्हणावं, घरी जावं, कळपाच्या पुढं चालावं. तिथं निदान थांबण्याला काही किंमत आहे.

"बाई, पी ना," आबा म्हणाले. "उशीर व्हईन."

"आबा, आज वाजवा."

"काय?"

"शिट्टी. मी गोलीकडं सुटले की वाजवा. खरीखुरी. जोरात."

आबांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मग तसं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते घाबरले. "येडी का काय तू? म्या वाजवली अन् तू थांबली तर? ती मॅडम म्हणंल, हिचं हेच हाय."

"तुमी न्हाई वाजवली तरी मी थांबतेच ना. ते तर पाह्यलं आपण. वाजवली तर मला कळंल तरी, शिट्टी तिकडं हाय, तुमच्यापाशी. मंग बघते."

हे तिलाही नीट कळलेलं नव्हतं. बोलता बोलता ती पुढं गेली होती आणि आता मागं फिरता येत नव्हतं. आबांनी ग्लास फिरवून आतला फेस पाहिला.

"अन् न्हाई थांबली तर?" ते म्हणाले.

"तर काय? गोल व्हईन."

"तसं न्हाई म्हणत म्या. त्या हरभऱ्यानंतर कदी असं झालं न्हाई, म्या वाजवली अन् तू थांबली न्हाईस." मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "उद्या थांबायचं आसन तवा बी न्हाई थांबलीस, तर म्या मागं काय करू?"

पैसे देऊन ती उठली. आबा पँट सावरत मागून आले.

संकुलावर गर्दी बेताची होती. मंडपाखाली खुर्च्या टाकलेल्या, तिथं साधना मॅडम टोपी घालून बसल्या होत्या. त्यांनी लांबूनच हात केला. आबा मंडपाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. समोरच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर, रतनसिंग सरांच्या शेजारी, गुडघे जुळवून बसले. सामना सुरू झाला. कोल्हापूरच्या मुलींना चेंडू कसा ठेवायचा ते माहीत होतं, आणि हिंगोलीच्या पोरी नुसत्या दमत होत्या. पहिल्या भागात रागिणीला एकदाच मोकळं मिळालं. ती सुटली, कीपर पुढे निघाली, आणि कुठंच काही वाजलं नाही. ना आत, ना बाहेर. त्या शांततेनंच ती गडबडली. तिनं आडवा पास दिला, तो कुणालाच मिळाला नाही. मंडपात मॅडमनी पायावर पाय टाकला. पायऱ्यांवर आबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले तिला दिसले. ते वाजवणार नाहीत, तिला वाटलं. त्यांच्या तोंडून ते व्हायचं नाही. मध्यंतरात ती त्यांच्याकडे गेली नाही, पाणी प्यायली आणि बूट पुन्हा बांधले. राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

दुसरा भाग निम्मा झाला असेल. मधल्या फळीतल्या आकांक्षानं डोळे मिटून मारल्यासारखा चेंडू पुढे फेकला. तो दोन बचाववाल्यांच्या मधून निघाला आणि रागिणी त्याच्या मागं निघाली. छातीत धाप, बुटाच्या खिळ्यांखाली वाळलेलं गवत, मागचे पाय मागं मागं पडत गेले. समोर कीपर सुटली. हिचे हातमोजे हिरवे होते. पाय जड व्हायला लागले, हात अंगापासून सुटायला लागले. आणि शिट्टी वाजली.

लांब, आणि शेवटी खाली उतरणारी. पण ही डावीकडून आली, पायऱ्यांवरून, आणि शेवटाला जरा फाटली. आबांचं वय झालं होतं, दम पुरला नव्हता. आतली शिट्टी कधीच फाटत नसे. आबा तिथं होते. ती इथं होती. दोघांच्या मध्ये अर्धं मैदान होतं. शिट्टी सांगत होती ते खोटं नव्हतं, पुढं धोका होताच, तो धावत येत होता. रागिणीनं ते सगळं ऐकलं आणि पाय टाकला. बुटाच्या टोकाला चेंडू लागल्याचं तिला कळलं, मग हिरवा हात दिसला, मग गुडघा बरगडीत बसला आणि आभाळ आणि माती एक झाली. गोल झाल्याचं तिला ओरडण्यावरून समजलं. आकांक्षा तिच्या अंगावर पडून रडत होती. "उठ गं माय, उठ, गेला ना आत!" मंडपात मॅडम टोपी काढून उभ्या राहिल्या होत्या.

रागिणीनं मान वळवून पायऱ्यांकडे पाहिलं. तिथं सगळी माणसं उभी होती, टाळ्या वाजवत होती, रतनसिंग सर आबांचा खांदा धरून गदागदा हलवत होते. आबाही उभे होते. दोन्ही बोटं अजून तोंडात तशीच होती. ते तिच्याकडे बघत नव्हते. ती जिथं थांबायला हवी होती, गोलाच्या अलीकडच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. तिनं हात वर केला, जिवंत आहे, लागलं नाही फार, असं सांगायला. बऱ्याच वेळानं त्यांना तो दिसला. त्यांनी बोटं तोंडातून काढली, नामाजी काकाच्या पोराच्या पँटीला पुसली आणि हळूच खाली बसले.

सामना अजून बराच उरला होता. रागिणी आणखी दोनदा मोकळी सुटली, दोन्ही वेळा थांबली नाही, आणि मॅडमनी पाहायचं ते पाहिलं. आबांनी मात्र पुन्हा शिट्टी वाजवली नाही. ती धावत होती, आणि धावताना तिचा एक कान सारखा पायऱ्यांकडेच होता.